मुलांच्या डोळ्यांकडे काणाडोळा नको

कपाशीवर गुलाबी बोंडअळी आली, तर ती बोंडात शिरण्याआधी ओळखायची कशी, हे आता आपल्या जिल्ह्यातल्या बहुतेक शेतकऱ्यांना सांगावे लागत नाही. कामगंध सापळ्यात पतंग किती अडकले, डोमकळ्या किती दिसल्या, यावरून तो अंदाज बांधतो. मोसंबीच्या बागेत पानाच्या शिरा पिवळ्या पडू लागल्या की जाणता बागायतदार नुसता पानावर फवारत बसत नाही. तो झाडाखाली बसतो, माती उकरतो आणि मुळी हातात घेऊन बघतो. लक्षण पानावर दिसत असले तरी दुखणे मुळाशी असू शकते, हे त्याला ठाऊक असते. डिंक्या आणि मूळकूज यांनी बागा गेल्या, त्यातून आलेले हे शहाणपण आहे.

हेच शहाणपण आपण घरातल्या लेकराच्या बाबतीत वापरतो का, हा आजचा प्रश्न आहे. या पानावर एरवी बी-बियाणे, खते, पाणी यांची चर्चा होते. पण शेती ज्यांच्यासाठी करायची ती पोरंच आजारी पडली, तर पिकाचा पैसा आणि पाठोपाठ जमीनही दवाखान्यात जाते. म्हणून आज थोडा वेगळा विषय घेतला आहे. मुलांच्या मेंदूत होणाऱ्या गाठी आणि त्यांची पहिली खूण डोळ्यात कशी दिसते, हे शेतकरी बंधू-भगिनींनी आणि गावच्या कारभाऱ्यांनी समजून घ्यावे.

दुखणे डोक्यात, खूण डोळ्यात

मेंदूत गाठ म्हटले की ती म्हाताऱ्या माणसांची व्याधी, असा आपला समज आहे. तो बरोबर नाही. जगभराचा हिशेब पाहिला, तर लहान मुलांच्या कर्करोगांत रक्ताच्या कर्करोगाखालोखाल मेंदूच्या गाठींचा नंबर लागतो. अर्थात मेंदूतली प्रत्येक गाठ कर्करोगाची नसते. काही गाठी सावकाश वाढतात आणि शस्त्रक्रियेने पूर्ण काढता येतात. तरीही गाठ साधी असो वा वाईट, कवटीच्या बंद डब्यात ती वाढू लागली की जागा कमी पडतेच.

मुलांमध्ये यातल्या पुष्कळ गाठी डोक्याच्या मागच्या-खालच्या भागात, लहान मेंदूजवळ होतात. मेंदूत सतत एक पातळ पाणी तयार होत असते आणि ते ठरलेल्या वाटेने वाहून जात असते. या वाटेवर गाठ आली की पाणी तुंबते. पाटाच्या चारीत गाळ अडकला की पाणी मागे फुगते आणि बांध फोडू पाहते, तसाच हा प्रकार. डोक्यात दाब वाढतो. डोळा मागून मेंदूशी जाड नसेने जोडलेला असल्याने हा दाब त्या नसेपर्यंत पोहोचतो आणि डोळ्याच्या मागच्या पडद्यावर नसेचे टोक सुजलेले दिसते. डोळा फिरवणाऱ्या बारीक नसांवरही ताण येतो. डोळा बाहेरच्या बाजूला वळवणारी नस दुबळी झाली की डोळा नाकाकडे ओढला जातो. आपण म्हणतो, "पोरगं तिरळं बघायला लागलं." प्रत्यक्षात दुखणे डोळ्यात नसून डोक्यात असते.

काय दिसले तर सावध व्हावे

पहिली खूण म्हणजे नव्याने आलेला तिरळेपणा. कालपर्यंत सरळ बघणारे मूल आज तिरळे बघू लागले, तर ती गोष्ट पुढच्या बाजारच्या दिवसावर टाकू नये.

दुसरी खूण, एकाचे दोन दिसणे. मोठा माणूस हे सांगतो, लहान मूल बहुधा सांगत नाही. सगळ्यांना असेच दिसत असेल, असे त्याला वाटते. ते एक डोळा झाकून बघते, किंवा मान एका बाजूला कलती करून वही वाचते. आई म्हणते, "मान नीट धर." पण मान तशी का धरली जाते, हे कोणी बघत नाही.

तिसरी, डोळ्यांची बुबुळे एकसारखी थरथरणे किंवा हलत राहणे.

चौथी, नजर कमी होणे. मूल दाराच्या चौकटीला धडकते, टीव्हीच्या अगदी जवळ जाऊन बसते, फळ्यावरचे दिसत नाही म्हणते. काही गाठी दोन्ही डोळ्यांच्या नसा जिथे एकत्र येतात तिथे दाबतात. तेव्हा समोरचे दिसते, पण दोन्ही बाजूंचे दिसत नाही. असे मूल रस्त्यावर बाजूने येणाऱ्या मोटारसायकलीला चुकते. याच जागेच्या गाठींमुळे मुलाची उंची वाढणे थांबते, किंवा ते रात्रंदिवस पाणी पिते आणि वारंवार लघवीला जाते.

पाचवी, एक डोळा पुढे आल्यासारखा दिसणे, पापणी गळणे, दोन डोळ्यांच्या बाहुल्या लहान-मोठ्या दिसणे, किंवा मुलाला वर बघता न येणे.

तान्ह्या बाळाची गोष्ट थोडी वेगळी आहे. त्याच्या कवटीचे सांधे अजून जुळलेले नसतात, म्हणून आत दाब वाढला की डोके मोठे होत जाते, टाळू फुगते आणि बुबुळे खाली झुकून वर पांढरे दिसते. अंगणवाडीत डोक्याचा घेर मोजतात तो यासाठीही. वजनकाट्याइतकेच त्या टेपला महत्त्व द्यावे.

या खुणांबरोबर आणखी काही दिसते का, तेही बघावे. सकाळी उठल्याबरोबर डोके दुखणे, उलटी होणे आणि उलटीनंतर थोडे बरे वाटणे, चालताना झोकांडी जाणे, अक्षर बिघडणे, खेळकर पोर गप्प होणे. डोळ्याची खूण आणि यातले एखादे लक्षण जोडीने दिसले, तर क्षणाचाही विचार करू नये.

इथे एक खुलासा करणे भाग आहे. हे वाचून कोणी घाबरून जाऊ नये. तिरळे मूल दिसले की गाठच असेल, असे मुळीच नाही. बहुतेक तिरळेपणा साध्या कारणांचा असतो, पुष्कळदा चष्म्याच्या नंबराचा. जन्मल्यापासून तीन-चार महिन्यांपर्यंत बाळाची नजर अधूनमधून भरकटते, तेही चालते. पण साधा तिरळेपणाही "मोठेपणी जाईल" म्हणून सोडून दिला तर तो डोळा आळशी होतो आणि सात-आठ वर्षांच्या वयानंतर त्याची नजर आणणे अवघड होऊन बसते. म्हणजे तपासणीत गाठ निघाली नाही तरी तपासणी वाया जात नाही. तिरळेपणा भाग्याचे लक्षण मानणारेही आपल्याकडे आहेत. भाग्य असलेच, तर ते वेळेवर तपासण्यात आहे.

चमकणारी बाहुली

याच घराण्यातला दुसरा आजार प्रत्यक्ष डोळ्याच्या पडद्यावर होतो. त्याला रेटिनोब्लास्टोमा म्हणतात. साधारण १५ ते २० हजार जन्मांमागे एका मुलाला तो होतो आणि बहुतेक वेळा पाच वर्षांच्या आतच. काळ्या बाहुलीत पांढरी चमक दिसते, अंधारात मांजराचा डोळा चमकावा तशी. हल्ली घरोघरी मोबाईल आहे. फ्लॅश टाकून काढलेल्या फोटोत एका डोळ्याची बाहुली लाल आणि दुसरीची पांढरी येत असेल, तर तो फोटो घेऊन डोळ्याच्या डॉक्टरांकडे जावे. पांढरी बाहुली जन्मजात मोतीबिंदूनेही दिसते, पण त्यालाही लगेच उपचार लागतो. रेटिनोब्लास्टोमा वेळेत सापडला तर जीव वाचतो, अनेकदा डोळाही वाचतो. उशीर झाला तर तो डोळ्याच्या नसेवाटे मेंदूपर्यंत जातो. काही घरांत हा आजार आनुवंशिक असतो, म्हणून एका मुलाला झाला तर भावंडांचेही डोळे तपासून घ्यावे लागतात.

'श्वास' हा मराठी चित्रपट अनेकांनी पाहिला असेल. संदीप सावंत यांनी माधवी घारपुरे यांच्या कथेवरून तो केला. राष्ट्रीय पुरस्कारात तो सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरला आणि २००४ साली भारतातर्फे ऑस्करसाठी गेला. कोकणातले एक आजोबा नातवाला घेऊन शहरातल्या दवाखान्यात येतात आणि पोराचा जीव वाचवायचा तर डोळे काढावे लागतील, हे त्यांना ऐकावे लागते. तो आजार हाच. चित्रपट पाहून आपण डोळे पुसले. पण आपल्या वाडीवस्तीवरच्या किती घरांत त्यानंतर पोरांच्या बाहुल्या बघितल्या गेल्या?

वेळ कुठे जातो?

गावात दिवस कसे जातात, हे आपण सर्वजण जाणतो. आधी दृष्ट काढली जाते. मग कोणीतरी बाहेरची बाधा सांगतो आणि अंगाऱ्यात आठवडा जातो. नंतर मेडिकलवाल्याकडून डोळ्यात टाकायचे थेंब येतात. मग चष्म्याचे दुकान. तोवर उलट्या सुरू झालेल्या असतात, त्यांना पित्ताची गोळी. कृमीचे औषध होते, कावीळ उतरवणाऱ्याकडे फेरी होते. पेरणी, वेचणी, सोंगणी मध्ये येते. यात कोणाचेच लेकरावरचे प्रेम कमी नसते. पण प्रत्येक जण समोर दिसणाऱ्या पानावर फवारतो आणि मुळी उकरून बघत नाही.

आमच्या कामातली एक गोष्ट इथे सांगतो, कारण घोटाळा होऊ शकतो. फवारणीच्या दिवसांत पोराला उलटी झाली की "औषध लागलं" असे म्हणतात. फॉस्फरसयुक्त कीटकनाशकाची विषबाधा काही तासांत चढते. घाम सुटतो, तोंडाला लाळ येते, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या बारीक होतात. असे दिसले तर तत्काळ १०८ ला फोन करावा, औषधाचा डबा सोबत न्यावा. पण उलटी दोन-तीन आठवडे अधूनमधून, तीही सकाळीच होत असेल, तर तिचा फवारणीशी संबंध जोडून स्वस्थ बसू नये.

उशिराची किंमत दोन प्रकारची असते. एक जिवाची. दुसरी नजरेची, आणि ती लोकांना फारशी ठाऊक नाही. डोळ्याची नस फार दिवस सुजलेली राहिली की ती वाळते. मग गाठ काढली, मूल वाचले, तरी गेलेली नजर परत येत नाही. विहिरीला पाणी लागले, पण तोवर बाग जळून गेली, अशी गत होते.

तपासणी कोणती मागावी

नुसता नंबर काढणे म्हणजे डोळ्यांची पूर्ण तपासणी नव्हे. तक्ता वाचून घेऊन चष्मा देणाऱ्या शिबिरात नसेची सूज दिसत नाही. बाहुली मोठी करणारे थेंब टाकून डोळ्याचा मागचा पडदा बघावा लागतो. त्यासाठी फार मोठे यंत्र लागते असेही नाही. जर्मनीच्या हेल्महोल्ट्झ यांनी पडदा बघण्याचे साधन १८५१ सालीच जगापुढे आणले. आज ते हातात मावते. पालकांनी डॉक्टरांना नम्रपणे पण स्पष्ट विचारावे, "साहेब, थेंब टाकून मागचा पडदा बघितला का?" गरज वाटली तर डॉक्टर सीटी स्कॅन किंवा एमआरआय करायला सांगतात.

इंग्लंडमधले एक प्रकरण यासाठी लक्षात ठेवण्यासारखे आहे. तिथे २०१२ साली आठ वर्षांच्या एका मुलाचे डोळे चष्म्याच्या दुकानात तपासले गेले. पडद्याच्या फोटोत नसेची सूज होती, पण ती टिपली गेली नाही. पाच महिन्यांनी डोक्यात पाणी तुंबून तो मुलगा वारला. तपासणाऱ्या बाईंना २०१६ मध्ये शिक्षा झाली आणि २०१७ मध्ये वरच्या न्यायालयाने ती रद्द केली. कायद्याचा वाद बाजूला ठेवू. खूण डोळ्यात होती, एवढे मात्र खरे. त्याच देशात २०११ पासून मुलांच्या मेंदूच्या गाठींची लक्षणे पालकांना आणि डॉक्टरांना साध्या भाषेत सांगण्याची मोहीम सुरू झाली. पहिल्या लक्षणापासून निदानापर्यंत पूर्वी सुमारे १४ आठवडे जात, ते पुढे सातच्या आत आले. फरक पडला तो माहिती घरोघर पोहोचल्याने. माहिती पोहोचवण्याचे काम तर आपल्यालाही जमण्यासारखे आहे.

सोय आहे, वाट माहीत हवी

डोळ्यांच्या बाबतीत आपला जिल्हा तसा नशीबवान. जालना शहरात जिल्हा रुग्णालय आहे आणि श्री गणपती नेत्रालयासारखे मोठे डोळ्यांचे रुग्णालय आहे. पुढची गरज पडली तर छत्रपती संभाजीनगरला घाटी रुग्णालय आणि शासकीय कर्करोग रुग्णालय साठ-पासष्ट किलोमीटरवर आहे. मुंबईत परळचे टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ पासून चालू आहे. लहान मुलांच्या कर्करोगासाठी तिथे वेगळा विभाग आहे. मुंबईत राहायचे कुठे, ही आपल्या माणसाची पहिली धास्ती. दादरला गाडगे महाराज मिशनची धर्मशाळा अशा रुग्णांसाठी आणि नातेवाइकांसाठीच आहे. उपचाराला जाणाऱ्या कर्करुग्णाला आणि सोबतच्या माणसाला रेल्वे भाड्यात सवलत मिळते.

खर्चाचा प्रश्न मोठा आहे, पण तोही अगदी निराधार नाही. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाचे आणि मेंदूच्या शस्त्रक्रियांचे अनेक उपचार येतात. कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे. पांढऱ्या शिधापत्रिकेच्या शेतकऱ्यांना ज्या १४ जिल्ह्यांत आधीच सामील केले होते, त्यांत जालना होता. आता तर ही योजना सर्व शिधापत्रिकाधारकांना खुली आहे. योजनेच्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो, त्याला आधी भेटावे. अडते ते एकाच ठिकाणी. पोराचे नावच शिधापत्रिकेत नसते. जमीन गहाण टाकायला निघण्याआधी हा कागद बघा, आणि तो आज, आजार नसतानाच नीट करून ठेवा.

गावाने काय करावे

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली आपल्याच राज्यातल्या पालघरहून सुरू झाला. त्याचे पथक अंगणवाडीतल्या मुलांना वर्षातून दोनदा आणि शाळेतल्या मुलांना एकदा तपासते. पण ते येते त्या दिवशी मूल हजर पाहिजे. अंबड, घनसावंगी, परतूर, मंठा भागातली कितीतरी कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात आणि कारखान्याचा पट्टा पडल्यावरच परततात. त्यांची पोरं उसाच्या फडात आणि तपासणीची नोंद शाळेत, असे घडते. ज्या घरातले लेकरू बघायला सर्वात कमी डोळे मोकळे आहेत, तेच घर तपासणीतून सुटते. म्हणून पथकाची एक फेरी टोळ्या निघण्याआधी ठरवून घ्यावी आणि परत आल्यावर राहिलेल्या मुलांची यादी प्राथमिक आरोग्य केंद्राला द्यावी. हे काम सरपंच, ग्रामसेवक आणि मुख्याध्यापक यांनी मिळून करावे. त्यासाठी वरून आदेश येण्याची वाट बघू नये.

शाळेतल्या गुरुजींनी आणि बाईंनी फळ्यावरचे न दिसणारे, मान कलती करणारे, अक्षर अचानक बिघडलेले मूल ओळखावे आणि त्याला रागावण्याआधी त्याच्या आईबापाला बोलवावे. आशाताई आणि अंगणवाडीताईंनी गृहभेटीत बाळाची बाहुली उजेडात बघावी. ग्रामपंचायतीच्या महिला व बालकल्याणाच्या दहा टक्के निधीतून अशा तपासणीसाठी काय करता येईल, हा विषय ग्रामसभेत घ्यावा. गटारीवर आणि सौरदिव्यावर आपण तासभर भांडतो. दहा मिनिटे या विषयालाही द्यावीत. आणि जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागाने शाळेतल्या डोळे तपासणीत चष्म्याबरोबर तिरळेपणा आणि पांढरी बाहुली यांचा वेगळा रकाना ठेवावा, अशा मुलांची पुढे तपासणी झाली की नाही याचा पाठपुरावा करावा. नुसते कागद रंगवून उपयोग नाही.

शेवटी आईबापांना एकच विनंती. आपल्याला शिवारात फेरी मारण्याची सवय आहे. आठवड्यातून एकदा आपण पिकात आडवे-उभे फिरतो, पान उलटून बघतो. तशीच एक फेरी घरातही मारा. पोराला समोर उजेडात बसवा, त्याचे दोन्ही डोळे बघा. बोट फिरवून दोन्ही डोळे सोबत फिरतात का बघा. एक डोळा झाकून दुसऱ्याने, मग दुसरा झाकून पहिल्याने दिसते का, विचारा. एका डोळ्यावर हात ठेवल्यावरच मूल कुरकुरत असेल, तर उघड्या राहिलेल्या डोळ्याला कमी दिसत असावे. या सगळ्याला पाच मिनिटे लागतात आणि पैसा एकही लागत नाही. काही वेगळे वाटले तर दुसऱ्या दिवशीची पहिली एसटी पकडा. वेचणी दोन दिवस थांबेल, डोळा थांबत नाही.